उत्तन ते सिलुएत

खंडाळ्याचा घाट पुणेकर माणूस झोपेत तरी उतरतो नाहीतर पेपरात. ऑम्लेट संपेपर्यंत बोगदे सुरू होतात आणि डोकं वर काढावं तर कर्जत आलेलं असतं. या खेपेला समोर भाचा बसला होता. त्याने माझ्या हातातला पेपर काढून घेतला, घडी करून मांडीखाली घातला आणि म्हणाला, "मामा, बाहेर बघा. काळा थर, मग तांबडी पट्टी, मग परत काळा थर. वरपासून खालपर्यंत असंच आहे."

भाचा मुंबईत एका प्रयोगशाळेत दगडांची वयं काढतो. हे काम नक्की काय आहे ते आमच्या घरात कुणालाच नीट उमगलेलं नाही. त्याच्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, त्याला एकदा विचारलं होतं, "मग पत्रिकाही बघतोस का रे?" त्यावर तो म्हणाला, "जन्मवेळ तेवढी सांगतो आजी, भविष्य नाही." आईला ते पटलं. निदान तिने पुन्हा विचारलं नाही.

मला आणि बायकोला सेशेल्सला जायचं होतं. कारण काही थोर नव्हतं. निळं पाणी, पांढरी वाळू, कॅलेंडरवर असतात तसे गोल गुळगुळीत दगड. भाच्याला हे कळलं तेव्हा त्याने अट घातली: तिकडे जाण्याआधी इकडची बाजू बघायची. "मामी, तुम्ही जिथे चाललाय तो आपलाच तुकडा आहे. ६.३ कोटी वर्षांपूर्वी सुटून गेलेला. जिथून सुटला ती जागा न बघताच जाणार?" बायकोने माझ्याकडे बघितलं. माहेरच्या माणसाचा आग्रह असता तर मोडता आला असता. हा सासरचा होता.

तर घाटातली ती तांबडी पट्टी. एक लाव्हा येऊन थंड व्हायचा, मग बराच काळ काहीच नाही. तेवढ्यात वरचा पृष्ठभाग पावसापाण्याने कुजायचा, दूरच्या एखाद्या स्फोटाची राख त्यावर येऊन पडायची, त्याची लाल माती व्हायची आणि पुढचा लाव्हा येऊन तिला भाजून काढायचा. विहिरी खणणाऱ्यांना हे सगळं आपापल्या परीने ठाऊक असतं. त्यांच्या लेखी हा गेरू, तो मांजऱ्या, तो काळा पाषाण. कशातून पाणी लागेल आणि कशात सुरुंगच लावावा लागेल हे ते पाहताक्षणी सांगतात. भाच्याच्या लोकांना मात्र त्या लाल पट्टीत वेगळंच काहीतरी सापडतं: झिरकॉन नावाच्या खनिजाचे, डोळ्यांना न दिसणारे स्फटिक. घडताना झिरकॉन युरेनियमला आत घेतो आणि शिशाला जवळजवळ फिरकूच देत नाही. पुढे युरेनियमचं शिसं होत जातं, अगदी ठरल्या गतीने. तेव्हा आत जेवढं शिसं सापडेल तेवढा काळ गेला. काळ्या बसाल्टमध्ये झिरकॉन जवळपास नसतोच, म्हणून राखेतला धुंडाळायचा.

२०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांनी या सह्याद्रीची जन्मवेळ मांडली. एकाने झिरकॉन वापरला, दुसऱ्याने पोटॅशियम आणि आरगॉन. दोघांचंही म्हणणं असं की दख्खनचा बहुतेक लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, फार तर दहा लाख वर्षांत वाहून गेला. त्यातला किती डायनासोर जाण्याआधीचा आणि किती नंतरचा यावर मात्र दोघांचं जुळलं नाही. मला यात गंमत वाटली. दगड एक, डोंगर एक, घड्याळं दोन, आणि भांडण अवघ्या काही दहा हजार वर्षांवरून! पन्नास वर्षांपूर्वी याच दगडांची वयं काढली तर उत्तरांत कोट्यवधी वर्षांची तफावत यायची.

घाटमाथ्यावर हे थर आडवे पडलेले आहेत. म्हणूनच आपले डोंगर वरून कापल्यासारखे सपाट आणि बाजूंनी पायऱ्यापायऱ्यांचे. पण खाली उतरून पनवेल-कल्याणच्या टापूत आलं की तेच थर पश्चिमेकडे कलायला लागतात आणि समुद्राच्या दिशेने वाकून जमिनीखाली जातात. आगगाडी सोडून आता आम्ही मोटारीत होतो; भाच्याने रस्त्याच्या कडेला ती थांबवून एक टेकडी दाखवली. मागून ट्रकवाले भोंगे वाजवत होते आणि हा हात तिरपा धरून थर कसे झुकलेत ते समजावून सांगत होता. याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम कुंडं याच पट्ट्यात येतात. कुंडात पाय सोडून बसलेल्या माणसाला आपण खंडाच्या मोडलेल्या काठावर बसलोय याचा पत्ता नसतो, आणि गुडघे दुखत असतील तर तो नसलेलाच बरा.

मग उत्तन. भाईंदरच्या पुढे पश्चिमेला मुंबई एकदम संपते आणि बोंबील सुरू होतात. किनाऱ्यावर बांबूंचे उंच मांडव, त्यांवर एकमेकांच्या तोंडात तोंड अडकवून टांगलेले बोंबील, आणि वारा आला की त्यांची पांढरट झालर हलते. वासाबद्दल बायकोने नाकाला पदर लावून मत दिलं. मी सारस्वतांच्या शेजारात वाढलेला. मला भूक लागली. क्रूस कोरलेल्या घरांपुढे लुगडं नेसलेल्या म्हाताऱ्या मासळी निवडत बसल्या होत्या. त्यातल्या एकीने भाच्याचा हातोडा बघून विचारलं, काय शोधता? दगड, म्हणून सांगितल्यावर ती शेजारणीकडे बघून हसली. आम्हाला इकडे दगडच उचलून टाकावे लागतात, आणि हे शोधायला येतात.

उत्तनजवळच्या डोंगरीच्या टेकडीवरचा दगड मात्र काळा नाही. पिवळसर, राखाडी, बारीक पट्ट्यापट्ट्यांचा रायोलाइट. दख्खनच्या काळ्या लाव्हात वाढलेल्या माणसाला हा परका वाटतो. भाच्याने हातोडा मारला. ताजा दगड खणखणीत वाजतो, आतून कुजलेला भद्द आवाज करतो, आणि भद्द वाजणाऱ्याचं वय काढू नये, कारण त्यातला आरगॉन कधीच निसटून गेलेला असतो. त्याने हातात दिलेली कपची मी उन्हात फिरवून बघितली. पट्ट्यांमध्ये तांदळाच्या कणीएवढे फेल्डस्पारचे दाणे चमकत होते. प्रयोगशाळेत हा दगड चुरून, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक दाणा चिमट्याने वेचतात. ते दाणे ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून अणुभट्टीत जातात. तिथे न्यूट्रॉनच्या माऱ्याने त्यातल्या काही पोटॅशियमचं आरगॉन-३९ होतं, म्हणजे मूळ पोटॅशियम किती होतं याची खूण. मग दाणे टप्प्याटप्प्याने तापवायचे आणि बाहेर पडणाऱ्या वायूत आरगॉन-४०, म्हणजे काळाने घडवलेला, किती आहे ते मोजायचं. दोन्हींचं प्रमाण म्हणजे वय. पोटॅशियम-४० निम्मं व्हायला १२५ कोटी वर्षं लागतात, त्यामुळे घाई कसलीच नसते.

आयआयटी मुंबईच्या हेतू शेठ, कांचन पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या या फिकट दगडांची वयं २००१पासून काढली आहेत. डोंगरीचा दगड ६.२६ कोटी वर्षांचा निघाला. अंधेरीतला गिल्बर्ट हिल, तो झोपड्यांच्या आणि इमारतींच्या गर्दीत उभा असलेला, माथ्यावर गावदेवीचं देऊळ असलेला काळ्या खांबांचा सुळका, तो सुमारे ६.१ कोटींचा. मालाडचा पिवळट दगड याच फिकट कुळातला; तो फोर्टमधल्या वस्तुसंग्रहालयाच्या भिंतींत कुर्ल्याच्या करड्या बसाल्टशेजारी बसला आहे. म्हणजे सह्याद्रीचा महापूर ओसरल्यावर तीस-चाळीस लाख वर्षांनी मुंबईत पुन्हा चूल पेटली, आणि या वेळी वेगळाच लाव्हा आला. शिवाय डोंगरीचे थरही समुद्राकडे कललेले आहेत. त्या अर्थी पनवेलचा तो वाक ६.२६ कोटींच्या नंतरचा. आधी दगड, मग वाक.

आधी काय आणि मग काय, एवढाच खरं तर सगळा प्रश्न आहे. आमच्या गावच्या घराची वाटणी झाली, तेव्हा भांडण आधी झालं की मधली भिंत आधी उठली, यावर दोन्ही चुलत्यांचं आजतागायत एकमत नाही. पुढे कुठल्याशा कामासाठी तलाठ्याच्या दप्तरातून फेरफार काढला, तर कागदावरची वाटणी भांडणाच्याही आधीची आणि भिंतीच्याही आधीची निघाली. खंडं फुटण्याबाबत असेच दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, खालून तप्त द्रव्याचा लोट आला, लाव्हा उसळला आणि त्या धक्क्याने खंड फाटलं. दुसरा म्हणतो, खंड आधीपासूनच ताणून पातळ होत होतं, लाव्हाला नुसती वाट मिळाली. आवेशाने बोलून यातलं काही ठरत नाही. तारखा लागतात, आणि दोन्ही हिश्श्यांतल्या लागतात.

दुसऱ्या हिश्श्याकडे जायला मुंबईहून सरळ विमान होतं. खाली तीन हजार किलोमीटरहून जास्त पाणी. त्याच्या मधोमध, समुद्राच्या तळाशी, कार्ल्सबर्ग कणा नावाची डोंगररांग आहे आणि तिच्या फटीतून नवा तळ अजूनही वर येतो आहे. वरून अर्थातच काही दिसत नाही. शेजारचा तरुण मधुचंद्राला निघाला होता आणि त्याला खिडकी हवी होती. दिली.

सेशेल्सच्या माहे बेटावर पहिल्यांदा काय जाणवत असेल तर लोक एकमेकांना नमस्कार करतात. दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना, बाकावर बसलेल्या अनोळखी म्हाताऱ्याशेजारून जाताना "बोंझूर". न म्हणता थेट "पाव आहे का?" विचारलं की दुकानदारीण पाव देते, पण तुमच्याकडे बघत नाही. आपल्याकडे, निदान पुण्यात, दुकानदाराला नमस्कार केला तर तो उधारी मागायला आलाय असं समजून सावध होतो. दोन दिवसांत आम्हीही सराईतपणे बोंझूर करायला लागलो. बायको तर "की मान्येर?" म्हणजे कसं काय, हेही विचारायची आणि उत्तर समजलं नाही तरी मान डोलवायची.

निळ्या बसगाड्या डोंगरातल्या अरुंद रस्त्यांवरून अशा सुटतात की आपल्या वरंध घाटातला एसटीवाला लाजेल. पण आत सगळे शांत. कंडक्टर नाही, "पुढे सरका" नाही. उतरायचं असेल तर मात्र माणूस मध्येच "दव्हाँ!" अशी आरोळी ठोकतो आणि गाडी थांबते. मनात धीर एकवटून मी ती आरोळी ठोकली तेव्हा सगळी बस हसली. पण थांबली.

व्हिक्टोरिया ही राजधानी. मधल्या चौकात १९०३पासून उभं असलेलं रुपेरी रंगाचं बारकं घड्याळ आहे, आणि गावाची सगळी मिजास तेवढीच. एका गल्लीत रंगीबेरंगी गोपुराचं विनायकाचं देऊळ आहे, तमिळ व्यापाऱ्यांच्या वंशजांनी बांधलेलं. बाजारपेठेतल्या कितीतरी पाट्यांवर पिल्ले, नायडू अशी आडनावं दिसतात. मासळीबाजारात ओट्यांवर लाल बुरझ्वा, निळे-हिरवे पोपटमासे मांडलेले, आणि माणसांच्या बरोबरीने पांढरे बगळे थेट ओट्यांवर चढून आतड्यांचा सौदा करतात. कुणी हाकलत नाही. क्रॉफर्ड मार्केटात मांजरांचं जे स्थान, ते इथे बगळ्यांचं.

जेवण घरच्यासारखं आणि अजिबात घरच्यासारखं नाही. नारळाच्या दुधातली कालवणं, भात, पातळ मसुराची आमटी, कच्च्या पपईची चटणी. इथवर मालवणातच आहोत असं वाटतं. मग कालवणात हाताला दालचिनीची हिरवी पानं लागतात आणि तोंडात ऑक्टोपस येतो. दालचिनी फ्रेंचांनी अठराव्या शतकात आणून लावली. आता ती डोंगरभर माजली आहे. ऑक्टोपस मऊ करायला दगडावर आपटावा लागतो म्हणे. नीरफणसाच्या कापा मात्र अगदी आपल्या, मीठ लावून तळलेल्या. आमच्या मुक्कामाच्या घरच्या मालकीणबाईंना सगळे मादाम म्हणत. त्या म्हणाल्या, इथला नीरफणस ज्याने खाल्ला तो इथे परत येतोच. बायको म्हणाली, हा आमच्याकडेही मिळतो. मादामना ते आवडलं नाही. "तो वेगळा असेल," त्या म्हणाल्या. कोकणातला माणूस हापूसबद्दल बोलताना याच सुरात बोलतो.

आता दगड. माहे, प्रालँ, ला दीग ही बेटं भर समुद्रात असूनही ग्रॅनाइटची आहेत, आणि ही साधी गोष्ट नाही. महासागरातली बेटं एक तर ज्वालामुखीची असतात नाहीतर प्रवाळाची. ग्रॅनाइट हा खंडांचा दगड. तो इथे आहे याचा अर्थच हा की हे बेट समुद्रातून वर आलेलं नाही, खंडातून सुटून आलेलं आहे. एकोणिसाव्या शतकातल्या लोकांनी यावर वेगळा तोडगा काढला होता. १८६४ साली फिलिप स्क्लेटरने भारत आणि मादागास्कर जोडणारी एक बुडालेली भूमी कल्पिली आणि मादागास्करच्या लेमूर प्राण्यांवरून तिचं नाव लेमुरिया ठेवलं. खंडं चालतात यापेक्षा खंडं बुडतात हे पटायला तेव्हा सोपं होतं.

माहेचा ग्रॅनाइट ७५ कोटी वर्षांचा आहे. त्याचे जवळचे नातलग राजस्थानात भेटतात. जोधपूरचा मेहरानगड ज्या मालाणीच्या दगडावर उभा आहे तो साधारण याच वयाचा. पाऊस आणि ऊन यांनी या ग्रॅनाइटच्या अंगावर उभ्या खोबणी पाडल्या आहेत, काही तर हात घालून बसता येईल एवढ्या खोल. मुलं त्यांवरून घसरत थेट पाण्यात जातात.

दक्षिण माहेत ताकामाकाच्या बाजूला ग्रॅनाइट चिरत गेलेली काळ्या दगडाची भिंत आहे. कोकणी डोळ्याला ती लगेच ओळखीची वाटते. मुरूड, रेवदंड्याच्या किनाऱ्यावर अशाच काळ्या भिंती समुद्रात शिरलेल्या दिसतात, लाव्हा वर यायच्या भेगा गोठून झालेल्या. पण भाच्याने आधीच बजावून ठेवलं होतं, "मामा, माहेतल्या काळ्या दगडाच्या रूपाला भुलू नका." ताकामाकाची ही भिंत मोजली तेव्हा ७५ कोटी वर्षांची निघाली, ग्रॅनाइटच्याच बरोबरीची. दख्खनशी तिचा काडीचा संबंध नाही. नुसत्या चेहऱ्यावर गेलो असतो तर मुरूडला आणि ताकामाकाला भावंडं म्हणून मोकळे झालो असतो, आणि मध्ये जवळजवळ सत्तर कोटी वर्षांचा फरक! मला वाटतं, या शास्त्राचा सगळा जीव इथे आहे. सारखेपणा कुणालाही दिसतो. नातं तारखेने ठरतं.

तारीख जुळते ती सिलुएतवर. बो व्हालाँच्या किनाऱ्यावरून समोर दिसणारं हे बेट संध्याकाळी अगदी निळंकाळं होतं. रविवारी त्या किनाऱ्यावर अख्खी कुटुंबं भांडीकुंडी घेऊन येतात, चूल मांडतात, मासे भाजतात, आजी खुर्चीत आणि पोरं पाण्यात. कुणी कुणाचा फोटो काढत नव्हतं, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो. सिलुएतला होडीने जावं लागतं. नाखवा गप्प माणूस. लाटांवर होडी आदळत होती आणि बायकोने माझा दंड असा धरला होता की त्यावरची बोटं संध्याकाळपर्यंत मोजता येत होती.

ला पास हे तिथलं गाव. मोटारी जवळपास नाहीत. जुन्या मळेवाल्या दोबाँ कुटुंबाचं लाकडी घर आहे, आणि नारळीच्या बनात त्यांची समाधी, तीही ग्रीक खांबांची. कुठे ग्रीस आणि कुठे हे ओलं, कोळ्यांच्या जाळ्यांनी भरलेलं बेट. आवारातून मोठाली कासवं आपल्या गतीने गवत खात फिरतात. वाट आडवी आली तर माणसाने थांबायचं, हा रिवाज.

किनाऱ्याने दक्षिणेकडे निघालं की दगड बदलल्याचं पायांना कळतं. माहेसारखे गोल गुळगुळीत नाहीत. हा सायनाइट: करडा, भरड, फेल्डस्पारच्या चपट्या दाण्यांनी खच्चून भरलेला. ओल्या दगडावर ऊन पडलं की दाणे एका बाजूने एकदम चमकतात, मान वळवली की विझतात. लाव्हा पृष्ठभागावर न येता खालीच हळूहळू थंड झाला, म्हणून दाणे असे पोसलेले. हा एका ज्वालामुखीचा गाभा आहे, वरचं सगळं वाहून गेल्यावर उघडा पडलेला. आणि यात झिरकॉन आहे. सिलुएत आणि शेजारचं नॉर्थ आयलंड, दोन्हींचं वय ६.३ ते ६.३५ कोटी वर्षं निघालं. मी वाळूत बसून हिशेब मांडला. घाटातला महापूर ६.६. सिलुएत ६.३ च्या किंचित वर. डोंगरी ६.२६. गिल्बर्ट हिल ६.१. दोन्ही किनाऱ्यांवर एकाच सुमारास, मोठा लाव्हा ओसरल्यावर, हे वेगळ्या जातीचे दगड वर आले; आणि समुद्रतळाच्या चुंबकीय पट्ट्या सांगतात की सेशेल्स सुटून नवा समुद्र उघडला तोही याच वेळी, ६.३ कोटींच्या आसपास. म्हणजे लाव्हा आला त्याच दिवशी खंड फाटलं असं झालं नाही. मध्ये वीस-तीस लाख वर्षं गेली.

त्यातही एक मेख आहे. भारताच्या बाजूला समुद्राखाली लक्ष्मी कणा नावाची एक बुडालेली पट्टी आहे, तीही खंडाचीच. फाटायला आधी सुरुवात झाली ती तिच्या आणि भारताच्या मध्ये. ती भेग रुंदावत गेली आणि मग सोडूनच दिली. पुढे भेग दक्षिणेला, लक्ष्मी कणा आणि सेशेल्स यांच्यामध्ये पडली आणि ती मात्र पार गेली. त्याच्याही आधी, सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी, मादागास्कर वेगळं झालं होतं. त्या वेळचे दगड मलप्याच्या समोर सेंट मेरीच्या बेटांवर खांबांसारखे उभे आहेत. खंड काही एका झटक्यात फुटत नाही. ते कुठे फुटायचं ते चाचपतं, चुकीच्या जागी ताणतं, थांबतं. लाव्हाने ते मऊ केलं असेल, ढकललंही असेल. पण फाटण्याचा इतिहास लाव्हाच्या आधीपासून चालू होता, आणि यात पहिल्या पक्षाचीही पुरती हार होत नाही, हे मला आवडलं.

वाटाड्या पोरगा मला दगडाकडे टक लावून बघताना बघून कंटाळला असावा. त्याने झाडीत नेलं आणि दालचिनीच्या ओल्या पाचोळ्यात हात घालून एक बेडूक तळहातावर धरला. जेमतेम करंगळीच्या नखाएवढा, तपकिरी. गार्डिनरचा बेडूक. त्याला मधला कान नसतो आणि तो तोंडाच्या पोकळीतून ऐकतो, हे २०१३ साली सिद्ध झालं. एवढ्याशा जिवाचा आवाज मात्र शिट्टीसारखा टोकदार. याच्या घराण्याचं सर्वांत जवळचं नातं जगात कुणाशी आहे तर आपल्या पश्चिम घाटातल्या जांभळ्या बेडकाशी. तो केरळात सापडला, २००३ साली एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोसुइट यांनी त्याचं वर्णन केलं आणि जातीचं नाव ठेवलं सह्याद्रेन्सिस. तो जमिनीखाली राहतो, वळवाच्या सुमारास काही दिवस वर येतो आणि परत गाडून घेतो. ही दोन घराणी भेग पडण्याच्याही बऱ्याच आधी वेगळी झालेली. मी बायकोला हे सगळं सांगितलं. ती बेडकाकडे बघत म्हणाली, "तरी म्हटलं, नाक ओळखीचं वाटतंय." जांभळ्या बेडकाला नाक आहे, याला नाही. पण मी काही बोललो नाही.

प्रालँबद्दल थोडक्यात, कारण तिथे सगळेच जातात. व्हाले द मे नावाच्या दरीत दर्याच्या नारळाची झाडं आहेत. युनेस्कोने ही दरी १९८३ साली जागतिक वारशात घेतली. जगातली सर्वांत मोठी बी, वीस किलोच्या पुढे जाणारी. तिचा आकार बघून शाळेच्या सहलीतली मुलं जे हसतात तेच पोक्त माणसंही हसतात. वारा आला की वरची प्रचंड वाळकी पानं एकमेकांवर घासून पत्र्यासारखी वाजतात. या नारळाच्या करवंट्या लाटांबरोबर आपल्या किनाऱ्यांवर यायच्या आणि फकिरांच्या हातातले कटोरे व्हायच्या; झाड कुणीच बघितलेलं नव्हतं. आता दुकानात तो सरकारी शिक्क्यानिशी मिळतो. किंमत ऐकून बायकोने तो परत फळीवर ठेवला.

निघायच्या आदल्या रात्री मादामनी केळ्यांचा लादोब केला होता, नारळाच्या दुधात जायफळ घालून शिजवलेला. त्यांनी विचारलं, इतके दिवस वाळू सोडून दगड काय बघत होतात? मी जमेल तसं सांगितलं. की आमची मुंबई आणि तुमचं बेट एका अंगणात होती, मग वेगळी झाली.

"मग गेलं कोण?" त्यांनी विचारलं. "आम्ही की तुम्ही?"

खरं उत्तर द्यावंच लागलं. सेशेल्स आफ्रिकेच्या भूपट्टासोबत मागे राहिलं. भारत उत्तरेला सुटला, तोही केवढ्या वेगाने. त्या काळात वर्षाला पंधरा सेंटीमीटरच्या आसपास, खंडांच्या हिशेबात धावतच. गेलो आम्हीच.

मादामनी मान हलवली. "आणि आता पाहुणे म्हणून येता," त्या म्हणाल्या, आणि माझ्या ताटलीत आणखी एक डाव लादोब वाढला. सकाळी बिलात त्याचे पैसे वेगळे लावलेले होते.